बायकांची वही

४ फेब्रुवारी

नवी वही उघडली की अजूनही पहिल्या तासाला वर्गात शिरल्यासारखं वाटतं. कोऱ्या कागदाचा वास, आणि पहिलंच अक्षर वाकडं येऊ नये म्हणून छातीत होणारी जराशी धाकधूक. अडतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, हिला जाऊन चार. चिरंजीव म्हणाला, बाबा, पुरे झालं एकटं राहणं, सामान बांधा. बांधलं. सामान म्हणजे काय, दोन पेट्या कपडे आणि तीन पेट्या क्रमिक पुस्तकं. सूनबाईने न सांगता गॅलरीतलं फुलझाडांचं स्टँड हलवून माझ्या आरामखुर्चीला जागा केली. अशा गोष्टी ती बोलून दाखवत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, त्याबद्दलही ती बोलत नाही.

आणि आज चक्क नोकरी लागली! कोपऱ्यावरच्या इमारतीच्या तळघरात एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी काढायचं केंद्र आहे. काचेवर कागद चिकटवलेला : ‘सुवाच्य अक्षर असलेली व्यक्ती पाहिजे.’ सुवाच्य! हा शब्द फळ्याबाहेर वाचून किती वर्षं झाली. तसाच बावीस पायऱ्या उतरून गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला चार ओळी लिहायला सांगितल्या. सुचेना, म्हणून पाठ असलेली एक जुनी कविता लिहून दिली. त्या कविता न वाचता नुसती अक्षरं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून या.

चिरंजीव पोट धरून हसला. म्हणाला, बाबा, आता हाडांना चाल लावा.

५ फेब्रुवारी

कामाची माहिती घेतली. बाकी सगळं संगणकावर आहे, पण एक वही मात्र बाई हाताने लिहवून घेतात. सगळे तिला ‘बायकांची वही’ म्हणतात. बारा ते पंचावन्न वयाची कोणीही बाई एक्स-रेला किंवा सीटीला आली की आधी माझ्या टेबलाशी येणार. मी तिचं नाव, वय, काय काढायचं ते लिहायचं. आणि मग तिला तोंडाने, स्पष्ट विचारायचं : दिवस गेलेले असण्याची शक्यता आहे का? पाळी कधी आली होती? ती सांगेल ते शेवटच्या रकान्यात लिहायचं. होय, नाही, किंवा सांगता येत नाही. त्यापुढे तिची सही.

होय म्हणाली किंवा सांगता येत नाही म्हणाली, तर थेट बाईंकडे. लघवीची तपासणी दहा मिनिटांत होते. मग बाई ठरवतात, थांबता येईल का, सोनोग्राफीवर भागेल का. त्यात किरणच नसतात. अगदी गरजच असली तर होय म्हणणारीचाही फोटो काढतात, बेताने. बाई म्हणाल्या, मास्तर, घाबरवायचं नाही कोणाला, नुसतं विचारायचं. पूर्वी संगणकावर एक चौकट होती, काउंटरवरच्या पोरी सवयीने तिथे टिचकी मारून मोकळ्या व्हायच्या. टिचकी मारायला डोकं लागत नाही, लिहायला लागतं. म्हणून वही.

किती खरं बोलल्या. मनातल्या मनात त्यांना दहापैकी दहा दिले.

यंत्र चालवणारा तंत्रज्ञ तिशीतला आहे, मिस्कील. स्वतःला फोटोग्राफर म्हणवतो. म्हणतो, मास्तर, माझ्या फोटोत सगळे सारखेच दिसतात, हसा म्हणायची गरजच नाही.

७ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते, पण रोजनिशीत नाही तर कुठे लिहू? मला विचारता येत नाही.

पहिली आली ती पोरगेलीशी, दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या कुठल्याही मुलीसारखी. नाव लिहिलं, वय लिहिलं, हाताचा एक्स-रे लिहिलं. मग मान वर केली आणि जीभ टाळूला चिकटली. आमच्या घरात हा विषय पुरुषांच्या कानावर कधी पडलाच नाही. हीसुद्धा त्या चार दिवसांत नुसती गप्प असायची, मी समजून घ्यायचो. परक्या बाईला, या पांढऱ्या केसांनी, चारचौघांत असं कसं विचारू? मी खाकरलो. ती म्हणाली, सही कुठे करू? मी रकाना दाखवला. ती गेल्यावर ‘नाही’ लिहिलं.

दिवसभरात नऊ जणी. नऊ वेळा तेच. संध्याकाळी मनाशी म्हटलं, सांगण्यासारखं काही असतं तर बायकांनी आपणहून सांगितलंच असतं ना? आईला कळतं.

१५ फेब्रुवारी

आता छान बसली आहे घडी. सकाळी लवकर जातो, कुलूप मीच काढतो, बाईंनी बाहेरच्या दाराची किल्ली माझ्याकडेच दिली आहे. कोणी यायच्या आत वहीचं पान उघडतो आणि शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत भरून टाकतो. नाही, नाही, नाही. एका पानावर वीस. एका शाईत, एका वळणात. मग दिवसभर नुसती नावं भरायची. सही करताना बायकांना तो शब्द तिथे आधीच दिसतो. कोणी वाचतं, कोणी वाचत नाही, आणि छापील असल्यासारखा दिसतो म्हणून हरकत कोणीच घेत नाही. डॉक्टरीणबाई येताजाता पान बघतात आणि म्हणतात, मास्तर, मोत्यांची माळ आहे.

एक बारीकशी गोष्ट. काल संध्याकाळी वही मिटताना मधली एक ओळ कोरी दिसली. नाव नाही ते ठीक, पण शेवटच्या रकान्यातला ‘नाही’ही नव्हता. सकाळी तर वीसच्या वीस लिहिले होते. चष्मा बदलायला हवा.

२१ फेब्रुवारी

आज पोस्टातली बाई परत आली. पंधरवड्यापूर्वी खोकल्यासाठी तिने छातीचा एक्स-रे काढला होता. तेव्हा तिला दुसरा महिना चालू होता आणि तिला पत्ता नव्हता. आता कळलं. बिचारी पायऱ्या उतरतानाच रडत होती. बाईंनी तिला आत बसवून पाणी दिलं. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. छातीचा एक्स-रे, किरण पोटापासून लांब, बाळापर्यंत पोचले असतील ते न पोचल्यातच जमा. निर्धास्त जा, म्हणाल्या. ती हसत बाहेर आली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही विचारलं असतंत ना काका, तर मी सांगितलं असतं की दोन आठवडे वर गेलेत.

आवाजात राग नव्हता. म्हणूनच लागलं.

ती गेल्यावर मागची पानं काढली. तिचं नाव सापडलं. तिच्या नावाखालची ओळ कोरी होती.

मग सगळी वही चाळली. अशा कोऱ्या ओळी अकरा निघाल्या. अकरा जणींच्या नावाखाली. बाकी साऱ्या माळेत एकही मणी सुटलेला नाही.

२२ फेब्रुवारी

आज विचारायचंच, असं ठरवून गेलो. वाक्य घरीच तयार केलं होतं, कवितेसारखं पाठ केलं होतं. पहिली बाई समोर बसली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, बाहेर ऊन फार आहे का हो?

सकाळी रकाना भरून ठेवला नव्हता. संध्याकाळी बघतो तो भरलेला. माझ्याच अक्षरात. मीच भरला असणार. हाताला सवय लागली आहे.

२६ फेब्रुवारी

सूनबाईच्या कुशीत पहाटेपासून कळा येत होत्या. घराजवळच्या डॉक्टरांना मुतखड्याचा संशय आला, त्यांनी पोटाचा सीटी लिहून दिला. अकरा वाजता चिरंजीव तिला घेऊन आमच्याच पायऱ्या उतरला. आता बाबा आहेत म्हटल्यावर काळजी नाही, असं म्हणून तिला माझ्या टेबलासमोर बसवलं आणि तो पैसे भरायला गेला.

सासऱ्याने सुनेला विचारायचं. हा प्रश्न.

तिने मान खाली घातली होती, दुखतही होतं. मी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. शेवटच्या रकान्यात ‘नाही’ होताच. सहा वर्षांत काही नाही, आता काय असणार, असं मनाशी म्हटलं. तिने न वाचता सही केली. तंत्रज्ञाने खांद्यावरून रकाना बघितला, चला वहिनी म्हणाला आणि तिला आत नेलं. दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला.

पुढच्या बाईचं नाव लिहायला घेतलं. सूनबाईच्या खाली पेन टेकवलं. खालच्या ओळीतला ‘नाही’ माझ्या डोळ्यांदेखत फिका झाला आणि गेला. शाई कागदात उलटी जिरावी तसा. ओळ कोरी.

उठलो. दाराजवळ गेलो. नुसतं धडधडा वाजवलं असतं, थांबा म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. त्यांनी विचारलं असतं, का हो मास्तर? मग काय सांगणार होतो? समोर सहा बायका बसल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी परत खुर्चीत येऊन बसलो. दिवा विझला. खडा बारीक निघाला, औषधाने पडेल म्हणाले.

१० मार्च

सूनबाईला दिवस गेलेत.

सकाळी तिने स्वतःच तपासलं. चिरंजीव मला मिठी मारून रडला. मी हसलो. हसताना गाल दुखले. दुपारी तिच्या लक्षात आलं. बाबा, तो सीटी... म्हणाली.

१२ मार्च

दोघांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळा हिशोब मांडून समजावलं. एका तपासणीत गेले त्याच्या कितीतरी पट किरण लागतात बाळाला इजा व्हायला. या एवढ्यासाठी मूल पाडायचा विचारही मनात आणू नका. मग नेहमीच्या शिस्तीने त्यांनी वही मागवली आणि सूनबाईची ओळ काढली. ‘नाही’, आणि समोर तिची सही.

सूनबाई गोंधळून म्हणाली, पण मला तेव्हा दोन दिवस वर गेले होते, मी तर सांगता येत नाही म्हणाले असते. चिरंजीव म्हणाला, मग नाही का म्हणालीस? बाई म्हणाल्या, अहो, दुखत असताना होतं असं, दोष देऊ नका. पण तो रस्ताभर देत आला. एवढं साधं विचारलं होतं बाबांनी. एवढं एक खरं बोलता आलं नाही?

मी मागून चाललो होतो. तोंडात जीभ होती.

१३ मार्च

ती जेवली नाही. मला म्हणाली, बाबा, मला तुम्ही विचारल्याचं आठवतच नाही. म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर नाही. विचारल्यावर पोटातल्या जिवाला नाही म्हणणारी मी, मी कसली आई होणार?

केंद्रात वही उघडली. तिच्या नावाखालच्या कोऱ्या ओळीवर अक्षरं आहेत. पेन्सिलीची. पहिलीतलं मूल काढतं तशी, डगमगती, काना लांब, वेलांटी सुटलेली. एकच शब्द. ‘विचारा’.

तंत्रज्ञाला दाखवलं. तो म्हणाला, मास्तर, कोरीच तर आहे ओळ, चहा घ्या. वही बदलून मागितली. त्याने नवी दिली आणि जुनी यंत्राच्या खोलीतल्या कपाटात टाकली.

१४ मार्च

सांगितलं. अखेर सांगितलं. दोघांना समोर बसवलं आणि म्हणालो, मी तिला विचारलंच नव्हतं. तो शब्द माझा आहे.

चिरंजीव म्हणाला, बाबा, आयुष्यभर आम्हाला खरं बोलायला शिकवलंत. आता हिला वाचवायला खोटं बोलू नका. सूनबाई उठली, माझे हात हातात घेतले. बाबा, माझ्यासाठी इतकं नका करू, म्हणाली.

मी ओरडून सांगितलं. शपथ घेतली. जितकं ओरडलो तितके दोघांचे डोळे प्रेमाने भरत गेले.

माझ्या खरेपणाच्या भिंती. चारही बाजूंनी. दार नाही.

१५ मार्च

ठरलं त्यांचं. सूनबाई मूल पाडून मोकळी होणार. परवा, सकाळी दहा. शहराच्या पलीकडच्या टोकाला कुठलंसं हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई फोनवर पुन्हा पुन्हा म्हणाल्या, कारण नाही, कारण नाही. सूनबाई म्हणाली, कारण मी आहे.

नव्या वहीतही एक ओळ कोरी. वही उघडून दोन दिवससुद्धा झाले नाहीत—

१६ मार्च

सुचलं! पुरावा आहे. जुन्या वहीचं शेवटचं पान. आठ ओळींत नावंच नाहीत, सह्या नाहीत, नुसते ‘नाही’, रांगेत. बाई यायच्या आधीच तिचं उत्तर लिहिलेलं. ते पान पाहिल्यावर विश्वास ठेवावाच लागेल. तिला कळेल की ती नाही म्हणालीच नव्हती.

आज कपाटापाशी जाता आलं नाही, दिवसभर आत रोगी. उद्या केंद्र बंद. किल्ली माझ्याकडे आहे. आठला जाईन, साडेआठला घरी.

१७ मार्च

आठ वीस. वही मिळाली. खोलीचं दार मागे आपोआप लागलं. आतली मूठ फिरते, दार हलत नाही. शिशाचा पत्रा घातलेलं दार. मोबाइलला रेंज नाही. या खोलीतून किरणसुद्धा बाहेर पडत नाहीत, माझा आवाज कुठून पडणार— तरी हाका मारल्या. खिशात ही रोजनिशी होती म्हणून लिहितो आहे. मन शांत राहावं म्हणून.

आठ पन्नास. खुर्चीने दार ठोकलं. खुर्ची मोडली.

नऊ दहा. वही उघडून बसलो आहे. शेवटचं पान आहे, आठही ‘नाही’ आहेत. मग तिचं पान काढलं. तिच्या खालचा शब्द आहे. पण फिका. त्या दिवशी ठसठशीत होता.

नऊ वीस. ते आता घरातून निघाले असतील. शेवटचं अक्षर दिसेनासं होत आहे. आधी काना गेला, मग—

नऊ पंचवीस. टेबलावर पेन्सिल होती. त्या अक्षरांवरून गिरवलं. मुलाचा हात धरून गिरवावं तसं, हळू. परत उमटली! जोवर गिरवतो तोवर राहतात.

हात उचलला की जातात.

नऊ चाळीस. एवढं लिहायला थांबलो तेवढ्यात ‘रा’ गेला. पुन्हा काढला. थंड लागतं ते अक्षर. नखाएवढं कोणीतरी बोट धरून आहे असं— नको. गिरव.

बाहेर खुर्च्या सरकतायत. केंद्र बंद आहे. कोणीतरी येऊन बसतंय, एकामागून एक. अकरा, बारा—

पावणेदहा. विचारतो आहे. मोठ्याने, गिरवता गिरवता, प्रत्येकीला, नाव घेऊन. आता जीभ चालते. आता किती सहज चालते—

‘चा’ पुसट.

दहाला दहा. दारावर थाप. खरी थाप. चिरंजीवाचा आवाज, बाबा, बाबा आत आहात का? माझा शोध घेत आले असतील, म्हणजे ती गेली नाही, म्हणजे तीही बाहेर— ओरडलो. ऐकू जात नाही त्याला. पुन्हा एकदा थाप. बाहेरची मूठ खडखडली, दार त्याच्याकडूनही हलत नाही. दारापर्यंत चार पावलं. उठून मोडक्या खुर्चीचा पाय आपटला तर त्याला कळेल. पण हात उचलला तर—

एकच अक्षर उरलंय.

पावलं लांब जातायत. पायऱ्या चढतोय तो. थांब रे— उठू? की गिरवू— सूनबाई, तुला मी काही विचा